शेवटचा बोल्ट बोटांनी फिरला पाहिजे

वाचकांचे प्रश्न : जुना चेन लोडर, त्याचा रेडिएटर आणि भोवतीचे जड गार्ड

प्रश्न : आमच्याकडे कॅटरपिलर ९५५ एल हा चेनचा (चाकांऐवजी पोलादी पट्ट्यांवर चालणारा) लोडर आहे. वडिलांनी तो एका धरणाच्या कामावरून लिलावात घेतला होता. आता तो मुरमाच्या खाणीवर आणि उन्हाळ्यात शेततळ्यांच्या कामावर चालतो. गेले दोन महिने तासाभराच्या कामानंतर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीपाशी पाणी ठिबकते. रेडिएटरवाला म्हणतो, "रेडिएटर तेवढा काढून आणून द्या, पुढचे मी बघतो." पण रेडिएटर काढायचा म्हणजे समोरचा जाड पत्र्याचा गार्ड आणि बॉनेट काढणे आले. यंत्राचे पुस्तक हाती नाही. एक टनाची चेन पुली घरात आहे आणि अंगणात चिंचेचे मोठे झाड आहे. हे काम घरच्या घरी कसे करावे?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आपले पत्र वाचताना मी थांबलो तो चिंचेच्या झाडापाशी. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो; पण एकदा गार्ड काढायचा म्हणजे दोन दिवस मोडणार, तेव्हा तो दुसऱ्यांदा काढावा लागू नये एवढी खात्री आधी करून घ्यावी. पाणी ठिबकते आहे, म्हणजे रेडिएटर बाहेर काढावा लागणार हे खरे आहे, पण काटा चढण्याचे कारण तेवढेच असेल असे नाही. पंख्याचा पट्टा सैल आहे का, जाळीत मुरमाची धूळ आणि तेल यांचा थर बसला आहे का, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उकळत्या पाण्यात टाकल्यावर उघडतो का, हे आधी पाहावे. गार इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केले आणि वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. या जातीच्या लोडरांत टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरपर्यंत नेणाऱ्या भागाच्या) तेलाची उष्णताही शेवटी याच पाण्यात येते, म्हणून पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल तर तेलाचा कूलरही तपासणीसाठी याच फेरीत काढावा. हे सगळे पाहायला अर्धा दिवस पुरतो.

आता गार्ड इतका जड का, ते समजून घेऊ. कॅटरपिलरने १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी येथील ट्रॅक्सन ही कंपनी विकत घेतली आणि १९५५ मध्ये ९३३, ९५५ आणि ९७७ हे चेन लोडर बाजारात आणले. त्या घराण्यात इंजिन पुढे असते, त्याच्या पुढे रेडिएटर आणि त्याच्याही पुढे बूम (बकेट उचलणारे हात) आणि बकेट. भरलेली बकेट उचलताना एखादा दगड मागे घरंगळला, तर तो थेट रेडिएटरच्या अंगावर येतो, म्हणून तिथे साधी जाळी न लावता चिलखतासारखा गार्ड बसवलेला असतो. पुढे १९८० च्या दशकात हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारे) लोडर आले, त्यांत इंजिन आणि रेडिएटर मागे गेले आणि मेकॅनिकचे हे काम बरेच सोपे झाले. आपल्याकडचा लोडर मात्र जुन्या घराण्यातला आहे.

त्या गार्डाचे वजन किती, हे पुस्तक नसतानाही काढता येते, आणि एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी ते काढलेच पाहिजे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो, एवढे एकच माप लक्षात ठेवावे. समजा, टेप लावल्यावर गार्डाची समोरची बाजू १.१ मीटर उंच, ०.९ मीटर रुंद आणि १६ मिलिमीटर जाड भरली, तर ती एकटीच साधारण १२४ किलोंची झाली. दोन्ही बाजूंचे पत्रे प्रत्येकी १.१ मीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद असतील, तर त्यांचे मिळून ९७ किलो झाले. वरची पट्टी, आतल्या फासळ्या आणि दिव्यांचे कोनाडे धरून हिशेब २५० किलोंवर ठेवावा. समोर हवेसाठी भोके असतात, त्यांचे वजन वजा करू नये. हिशेब चुकलाच तर तो जास्तीच्या बाजूने चुकलेला बरा. ही मापे मी उदाहरणादाखल घेतली आहेत. आपण स्वतः टेप आणि कॅलिपर लावून आपल्या यंत्राचा आकडा काढावा आणि तो खडूने गार्डावरच मोठ्या अक्षरांत लिहावा. चार माणसे "हईशा" म्हणत हाताने उचलू शकतील अशी ही वस्तू नाही, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

झाडाविषयी माझे मत स्पष्ट आहे : फांदीला चेन पुली बांधू नये. चिंचेचे लाकूड चिवट असते, हे मान्य. पण फांदी आतून पोखरलेली आहे की नाही हे सालीवरून कळत नाही, आणि बोल्ट सुटताना बसणारा झटका स्थिर वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. याहून मोठी अडचण जागेची आहे. पुलीचा हुक वजनाच्या मध्याच्या अगदी डोक्यावर यावा लागतो. फांदी जिथे वाढली तिथेच असते, मग १५ टनांच्या आसपासचे यंत्र पुढेमागे करून तिच्याखाली आणावे लागते, आणि ते चार बोटे चुकले तर गार्ड सुटताक्षणी झोपाळ्यासारखा फिरतो. पाणी काढल्यानंतर इंजिन चालवता येत नाही, त्यामुळे तेव्हा चूक लक्षात आली तरी यंत्र हलवण्याची सोय उरत नाही.

माझी शिफारस अशी, की दोन तासांसाठी हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) भाड्याने आणावी. तो खर्च झेपत नसेल, तर जाड पाइपचे तिकाटणे उभारावे, त्याचे तिन्ही पाय टणक जमिनीवर टेकवावेत आणि पाय फाकू नयेत म्हणून तळाशी तिन्ही पायांना मिळून साखळीचा वेढा द्यावा. आपली एक टनाची पुली या वजनाला पुष्कळ झाली. मात्र तिच्यावर वजनमर्यादेचा शिक्का दिसला पाहिजे, हुकाची जीभ शाबूत असली पाहिजे आणि हुक उघडलेला नसला पाहिजे. उचलण्याच्या साखळ्या, दोर आणि पुल्या यांची बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी व्हावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमात सांगितले होते. अंगणातल्या कामाला कोणी तपासनीस येत नाही, म्हणून ती तपासणी आपली आपणच करायची. जेसीबीच्या बकेटच्या दाताला साखळी गुंडाळून ओझे उचलण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती मला मान्य नाही. दातावरून साखळी घसरते, आणि बकेट किंचित वळली तरी घसरण्याची दिशा बदलते.

यंत्र सपाट, टणक जागी उभे करावे. बूम पूर्ण खाली घेऊन बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि मग हायड्रॉलिकचे दांडे दोन-तीनदा सगळ्या बाजूंना हलवून नळ्यांत अडकलेला दाब सोडून द्यावा. चेनला पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत आणि बॅटरीची केबल काढावी. बकेट पुढे कलती टेकवली तर गार्ड आणि बकेट यांच्यामध्ये किती जागा राहते ते पाहावे. गार्ड पुढे सरकून तिथे मावला पाहिजे आणि तो तसा सरकताना तिथे माणूस उभा नसला पाहिजे. गार्ड आणि बकेटच्या मध्ये उभे राहून पान्याला जोर लावणारा माणूस सापळ्यात उभा असतो. ज्याला बोल्ट खोलायचे आहेत त्याने बाजूने, चेनच्या बाहेर उभे राहून खोलावेत.

पाणी काढायचे ते यंत्र रात्रभर गार झाल्यावर. झाकण साधारण अर्धा किलो दाबाचे असेल तर आतले पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही; तापलेले असताना ते झाकण उघडले, की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात उसळून तोंडावर येते. निघालेले पाणी बादलीने मोजून घ्यावे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन किती कमी झाले तेही कळते, आणि आपण नेहमी भरता त्याच्या मानाने ते बरेच कमी निघाले, तर गाळाने किती जागा अडवली आहे याचा अंदाज येतो. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर ते गोठ्याकडे किंवा नालीत सोडू नये. ते गोडसर लागते, म्हणून गुरे आणि कुत्री ते पितात आणि मरतात.

बॉनेट काढल्यावर दिव्यांच्या वायरी सोडवाव्यात, गार्डावरून गेलेली एखादी हायड्रॉलिकची नळी असेल तर तिची पकड सैल करावी आणि मग टॉर्च घेऊन आत नीट पाहावे. काही यंत्रांत रेडिएटर स्वतंत्र पायांवर, रबरी गाद्यांवर उभा असतो, तर काहींत तो आतून गार्डालाच जखडलेला असतो आणि दोन्ही मिळून एकदमच बाहेर काढायचे असतात. हे न पाहता गार्ड ओढला, तर वरच्या-खालच्या नळ्या आणि खालची टाकी फाटते. दोन्ही एकत्र असतील तर वजनांची बेरीज करावी आणि उचलण्याचा बेत त्याप्रमाणे नव्याने आखावा.

गार्डाच्या डोक्यावर उचलण्यासाठी आटे असलेली भोके असतील तर त्यांत खांद्याचे आय-बोल्ट (डोक्यावर कडी असलेले बोल्ट) पूर्ण बसेपर्यंत फिरवावेत. दोन आय-बोल्टांना मिळून एक स्लिंग (ओझे उचलण्याचा दोर किंवा पट्टा) घेताना तिच्या दोन पायांमधला कोन जितका पसरट, तितका प्रत्येक पायावरचा ताण जास्त. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर २५० किलोंच्या गार्डासाठी प्रत्येक पायावर सुमारे १४५ किलो येतात, ४५ अंशांत सुमारे १७७ आणि ३० अंशांत पुरे २५०. शिवाय असा तिरपा ओढा आय-बोल्टला सोसत नाही. त्याची खरी ताकद सरळ वर ओढण्यातच आहे. म्हणून शक्य असेल तर मध्ये आडवा दांडा घेऊन दोन्ही पाय उभे ठेवावेत, नाहीतर निदान स्लिंग लांब घ्यावी.

आता बोल्ट. आपल्या यंत्राचे बोल्ट इंची मापाचे आहेत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाऊण इंची बोल्टच्या डोक्याला एक इंच एक सुताचा पाना लागतो, पाच सुती बोल्टला साडेसात सुताचा. हाताशी आहे म्हणून एकोणतीस-तीसचा पाना लावला तर गंजलेल्या बोल्टचे कोन गोल होतात आणि अर्ध्या तासाचे काम दिवसाचे होते. दोन दिवस आधीपासून बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडत राहावे, आणि खोलताना आधी पाना किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावा. गंजाची पकड त्याने तुटते.

सगळे बोल्ट एकदम काढू नयेत. वरचे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी डोके कापलेले, वीतभर लांबीचे दोन बोल्ट आट्यांत फिरवून ठेवावेत. या खुंट्यांवरून गार्ड सरळ पुढे सरकतो, एका अंगाला झुकत नाही आणि परत बसवताना भोके शोधत बसावे लागत नाही. त्यानंतर हुक लावून स्लिंग ताणावी, आणि तिच्यावर साधारण गार्डाच्या वजनाइतका ओढा येईपर्यंत पुलीची साखळी एकेक कडी ओढावी. वजनकाटा लावता आला तर उत्तम, पण तो नसला तरी एक खूण हाताला कळते. उरलेले बोल्ट सैल केल्यावर शेवटचा बोल्ट दोन बोटांनी फिरला, तर वजन हुकाने घेतले आहे असे समजावे. तो अडकत असेल, पाना लावल्याशिवाय हलत नसेल, तर हुकाने वजन कमी तरी घेतले आहे किंवा जास्त तरी, आणि गार्ड अजून त्या बोल्टवर लटकलेला किंवा त्याला वर ओढत आहे. अशा वेळी बोल्टवर जोर न करता पुली एक कडी वर किंवा खाली घ्यावी आणि पुन्हा बोटांनी पाहावे. मी स्वतः हे शिकायला बरीच वर्षे घेतली. ज्या ज्या वेळी शेवटचा बोल्ट पान्याने ओरबाडून काढला, त्या त्या वेळी वस्तू धक्क्याने सुटली.

सुटल्यावर गार्डाला हात लावून सावरायला जाऊ नये. खालच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधून दोन माणसांनी दुरून धरावे. पुलीवाल्याला इशारा एकाच माणसाने द्यावा. "थांबा" मात्र कोणीही म्हणावे आणि ते लगेच ऐकले जावे. गार्ड जमिनीवर आडवा झोपवावा, भिंतीला टेकवून उभा ठेवू नये. घरात मुले असतील तर विशेषच.

रेडिएटर त्यामानाने सोपा आहे, पण नाजूक. तो आणि पंखा यांच्या मधोमध प्लायवूडचा एक तुकडा आधी सरकवावा, नाहीतर उचलताना पंख्याची पाती जाळीत घुसतात आणि जिथे गळती नव्हती तिथेही ती होते. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे सोडवून इंजिनच्या बाजूला सरकवावे. नळी तोंडापाशी चिकटली असेल तर ती पहारीने उपटू नये, चाकूने चिरून काढावी. नवी नळी टाकीच्या तोंडापेक्षा स्वस्त असते. जुन्या यंत्रांत टाक्या ओतीव लोखंडाच्या आणि मधला कोअर, म्हणजे जाळी, तांब्या-पितळेचा असतो, त्यामुळे वरची टाकी जड असते आणि रेडिएटर वरून झोक खातो. दोर टाकीच्या कानांतच अडकवावा, जाळीभोवती गुंडाळू नये. खालच्या रबरी गाद्या आणि त्यांच्याखालच्या पातळ चकत्या कोणत्या बाजूच्या किती होत्या, ते मोबाइलवर फोटो काढून ठेवावे, कारण पंखा कड्यात मधोमध फिरतो तो या चकत्यांच्या भरवशावर.

रेडिएटरवाल्याला दोन गोष्टी सांगाव्यात. डाग दिल्यावर रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून तपासताना हवा झाकणाच्या दाबाच्या जवळपासच द्यावी; कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला की धड असलेले जोडही उघडतात. आणि नवा कोअर घालायची वेळ आली तर जुन्याइतकेच विरळ फिन (जाळीतल्या पातळ पत्र्या) मागावेत. दाट फिन घातल्यास जास्त थंड होईल, असे दुकानात सांगतात. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे, पण मुरमाच्या धुळीत दाट जाळी महिन्याभरात बुजते आणि यंत्र आधीपेक्षा लवकर तापते.

गार्ड परत बसवताना बोल्टचे डोके पाहावे. त्यावर सहा रेघा असतील तर तो उंच दर्जाचा, म्हणजे आठ नंबरचा बोल्ट, आणि तीन रेघा असतील तर पाच नंबरचा. ज्या जागी जो होता तिथे त्याच दर्जाचा घालावा. बाजारातला बिनरेघांचा साधा बोल्ट पहिल्याच खड्ड्यात ताणला जातो. आधीच्या मालकाने एखादे भोक खराब झाल्यावर २० मिलिमीटरचे आटे पाडले आहेत का, तेही बघावे. पाऊण इंची बोल्ट १९.०५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या आट्यांमधले अंतर २० मिलिमीटरच्या बोल्टच्या इतके जवळ असते, की तो त्या भोकात सुरळीत जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोर येताच आट्यांसकट बाहेर येतो.

प्रश्न : आमच्या जुन्या चेन लोडरच्या रेडिएटरची खालची नळी फुटली आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनखालचा गार्ड काढावा लागतो, पण त्याचे बोल्ट गंजून गेले आहेत. मिस्त्री म्हणतो, खाली शिरून गॅस कटरने बोल्ट उडवतो आणि गार्ड आपोआप खाली पडेल. हे योग्य आहे का?
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : कृपया हे होऊ देऊ नये. १९९० च्या दशकात मी एका कालव्याच्या कामावर शिकाऊ होतो. आमचे वडीलधारे मिस्त्री असाच गार्ड काढत होते. तीन कोपरे मोकळे झाले होते, चौथा गंजलेला होता, म्हणून तो शेवटी काढू असे ठरले. गार्ड सरळ खाली पडलाच नाही. तो त्या चौथ्या बोल्टभोवती दरवाजासारखा फिरला आणि त्यांचा उजवा हात चेनच्या चौकटीशी चिरडला. मी जवळ पाना धरून उभा होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ते कामावर परत आले तेव्हा त्यांचे कोपर पूर्ण सरळ होत नव्हते. खालचा गार्ड कधीच एका रेषेत पडत नाही, हे मी त्या दिवसापासून धरून चालतो.

गार्डाच्या वजनाशिवाय त्यात साठलेल्या चिखलाचे वजन असते, आणि तिकडच्या लाल मातीत तर ते फार असते. एक मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद गार्डात वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर, माती बसली असली तरी तिचे सुमारे १५० किलो होतात. शिवाय त्या मातीत वर्षानुवर्षे गळलेले डिझेल आणि ऑइल मुरलेले असते, म्हणजे गॅसची ज्योत आपण पेट घेणाऱ्या वस्तूच्या खाली झोपून धरणार. म्हणून पहिले काम पाण्याचे. बाजूच्या खिडक्यांतून आणि गार्डातल्या भोकांतून पाण्याचा जोराचा फवारा सोडावा, सळईने माती ढिली करावी आणि निथळू द्यावे. यात अर्धा दिवस जातो, पण निम्मे वजन इथेच उतरते.

त्यानंतर गार्डाखाली लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून थर असा चढवावा, की गार्ड आणि लाकूड यांच्यात दोन बोटांची फट राहील. आता काही चुकले तरी गार्ड पडणार तो दोनच बोटे. बोल्ट लांब एक्स्टेन्शन लावून, जमेल तेवढे बाहेरून खोलावेत. डोके आणि छाती गार्डाच्या सावलीत जाऊ देऊ नये. ज्या बोल्टचे डोके गोल झाले आहे त्याच्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करावे. तापल्यामुळे गंज सुटतो आणि पान्याला पकडही मिळते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या वायरी काढाव्यात, अर्थ त्या बोल्टजवळच पकडावा आणि शेजारी ओले पोते व आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे.

शेवटचे चार बोल्ट उरले की एकेक काढून त्या जागी हातभर लांब, पूर्ण आट्यांचे, चांगल्या दर्जाचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) घालावेत आणि खालून नट व जाड वायसर लावावेत. मग चारही नट आळीपाळीने, प्रत्येकी दोन-दोन फेरे सोडत गेले, की गार्ड सपाट राहून हळूहळू लाकडावर उतरतो. पुढे स्लीपरचा एकेक थर काढत तो खाली आणता येतो आणि साखळीने ओढून बाहेर काढता येतो. बसवतानाही हेच उलट करावे. नळी बदलण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, हे मलाही खटकते. म्हणून गार्ड खाली आलाच आहे तर खालची नळी, तिच्या क्लिपा, पाणी काढण्याचा कॉक आणि पंपाचे खालचे तोंड हे सगळे एकाच वेळी बदलून किंवा दुरुस्त करून घ्यावे.

प्रश्न : बूम खाली असला की रेडिएटरच्या गार्डापुढे बकेट कलवणारे लिव्हर येतात आणि काम करता येत नाही. आम्ही बूम वर उचलून, इंजिन बंद करून काम करतो. व्हॉल्व्ह बंद असल्यावर बूम खाली येऊ शकतो का?
— एक यंत्रचालक, नांदेड जिल्हा

उत्तर : येऊ शकतो, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता येतो. सिलिंडरचे जुने सील, व्हॉल्व्हमधली झीज, गार्ड ओढताना घासून फुटलेली एखादी नळी किंवा सीटवर चढलेल्या पोराचा दांड्याला लागलेला धक्का, यांपैकी काहीही पुरेसे आहे. उचललेला बूम आणि बकेट तेलावर उभे ठेवून त्यांच्याखाली कोणीही जाऊ नये.

आधी बकेट पूर्ण पुढे कलवून टेकवून पाहावे. पुष्कळ यंत्रांत एवढ्याने लिव्हर पुढे जातात आणि जागा होते. तेवढ्याने भागले नाही तर बूम वर घ्यावा, पण सिलिंडरच्या दांड्यावर बसणारा पोलादी आधार लावून. बूम एकदा वर घेऊन सिलिंडरचे नळकांडे आणि दांड्याच्या डोक्याजवळची पिन यांमधले उघडे अंतर मोजावे, आणि बूम पुन्हा जमिनीवर टेकवून त्या मापापेक्षा बोटभर कमी लांबीचे जाड चॅनेल दोन्ही बाजूंसाठी कापून घ्यावेत. मग बूम पूर्ण वर न्यावा, दोन्ही चॅनेल दांड्यांवर चढवून पिनांनी किंवा पट्ट्यांनी असे बांधावेत की ते निसटणार नाहीत, आणि बूम सावकाश खाली सोडून त्यांच्यावर टेकू द्यावा. चॅनेल बसवताना एक माणूस सीटवर, हायड्रॉलिकच्या दांड्यापाशी थांबलेला असावा आणि बसवणाऱ्याने बाजूने, शिडीवरून हात घालावा. टेकल्यावर इंजिन बंद करून हायड्रॉलिकचे दांडे पुढे-मागे हलवावेत. बूम बोटभरही हलला नाही, तरच समोरच्या बोल्टांना पाना लावावा. लाकडाचा ओंडका किंवा तेलाचे रिकामे पिंप यासाठी चालणार नाही. हे दोन चॅनेल नंतर यंत्राच्याच टपाला क्लॅम्पने कायमचे अडकवून ठेवावेत, म्हणजे खाणीवर नळी फुटेल तेव्हा ते घरी राहिलेले नसतील.